वाचून दाखवले, बरोबर आहे

आनंदरावांनी आधी उजवा खांदा आत घातला, पोट आवरून धरलं आणि डावा पाय उचलून भिंतीच्या खिंडारापलीकडे टेकवला. शहात्तराव्या वर्षी एवढी कसरत पुरे होती. पलीकडच्या अंगणात पोचल्यावर त्यांनी खिशातलं पेन चाचपलं, चष्म्याचं घर चाचपलं, आणि विहिरीला वळसा घालून यमुताईंच्या मागच्या दाराशी चपला काढल्या.

“आले का आनंदराव?” आतून आवाज आला. “या. मुग्धा चहा टाकून राहिली.”

नागपूरच्या नंदनवन वस्तीतली ही दोन घरं पाठीला पाठ लावून उभी होती. आनंदराव गजभियांचं दार एका गल्लीत उघडायचं, यमुताई पांढरीपांड्यांचं दुसऱ्या. रस्त्यानं यायचं तर एक गल्ली उतरून, पिठाच्या गिरणीला वळसा घालून दुसरी चढावी लागे. सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले, तेव्हा यमुताईंचे यजमान गिरिधरपंत यांनी स्वतः पहार घेऊन मधल्या भिंतीच्या वीसेक विटा पाडल्या आणि पलीकडे डोकं काढून म्हणाले, आमच्या विहिरीचं पाणी इथून न्या. पुढं नळाला पाणी आलं. गिरिधरपंत गेले, चार वर्षांपूर्वी आनंदरावांची बायको प्रेमिलाही गेली. विटा मात्र कुणी परत लावल्या नाहीत.

या भिंतीचा आनंदरावांना फार अभिमान. कोर्टातल्या सहकाऱ्यांना, विहारातल्या मंडळींना त्यांनी ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की त्यांची मुलगी मेघा पुढची वाक्यं आधीच ओठांनी म्हणायची. आमच्या पाण्यासाठी पांढरीपांड्यांनी आपल्या हातानं भिंत फोडली, असा माणूस दाखवा मले दुसरा. हे वाक्य आलं की गोष्ट संपली असं समजायचं. प्रेमिला असेपर्यंत ती या वाक्याच्या आधीच उठून स्वयंपाकघरात जायची.

आजचा दिवस मात्र रोजचा नव्हता. एरवी अकराच्या चहाला ते यायचे, यमुताईंना पेपर वाचून दाखवायचे, दोघं मिळून दोन-चार जणांची टवाळी करायचे, आणि प्रेमिला गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस त्या एका तासाला टांगलेला असायचा. आज पेपरऐवजी एक कागद होता. यमुताईंचा मुलगा विहंग पुण्याला असतो. त्यानं घर बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं, आणि आईला पुण्याला न्यायचं. बिल्डरला मागची भिंत सलग हवी होती, शेजाऱ्याची भानगड नको होती. त्यासाठी यमुताईंचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र तयार झालं होतं आणि ते घेऊन सून मुग्धा आठ दिवस नागपुरात मुक्कामाला आली होती.

सही अडली होती ती यमुताईंच्या हट्टापायी. आनंदराव जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं अनुवादक होते. पांढरीपांड्यांच्या घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद, पेन्शनचा असो की मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा, त्यांनीच वाचून दाखवायचा हा शिरस्ता. त्यांनी वाचल्याशिवाय आपण सही करणार नाही, असं म्हातारीनं सुनेला ठणकावलं. कागद त्यांच्याच विरुद्ध आहे, हे मुग्धानं सांगून पाहिलं. “असू दे. ते गाळणार नाहीत. तू गाळशील,” असं उत्तर मिळालं.

मेघा घरी संतापली होती.

“तुमचीच वाट बंद करून राहिले ते, अन् तुम्हीच जाऊन वाचून दाखवता? काहून, बाबा?”

“तिले दुसऱ्याचं वाचलेलं समजत नाही.”

“मग वाचा. पण हरकतीच्या अर्जावर सही करा आधी. वीस वर्षं उघड वापर असला की हक्क लागते. संघपाल वकिलानं अर्ज तयार करून ठेवला.”

अर्ज दाखल झाला असता तर विक्री चार-पाच वर्षं सहज लोंबकळली असती. यमुताई चौऱ्याऐंशीच्या, आनंदराव शहात्तरचे. दोघांना तेवढी पुरली असती. आनंदरावांनी मेघाला सांगितलं होतं, आधी वाचून येतो, संध्याकाळी सही करतो. आणि ते खरंच करणार होते.

मुग्धानं चहा ठेवला, कागद ठेवला, आणि दाराकडे पाहत हळूच म्हणाली,

“काका, भाषा वकिली आहे. थोडक्यात सांगितलंत तरी चालेल.”

“थोडक्यात मले येत नाही, बेटा,” आनंदराव म्हणाले आणि चष्मा लावला.

यमुताई पलंगावर पाय खाली सोडून ताठ बसल्या. पुढ्यात वॉकर. खिडकीत कूलरचं जुनं गवत काढून ठेवलेलं, नवं अजून भरायचं होतं. आनंदरावांनी घसा साफ केला आणि कोर्टातल्या आवाजात सुरुवात केली.

“एक. मी, यमुना गिरिधर पांढरीपांडे, वय चौऱ्याऐंशी वर्षे, धंदा घरकाम, राहणार नंदनवन, नागपूर, सत्यप्रतिज्ञेवर सांगते की…”

“घरकाम? मला तर चहासुद्धा ही करून देते.”

“कागदात तसंच लिहितात. समजलं? बरोबर आहे?”

“बरोबर आहे.”

ही त्यांची जुनी पद्धत. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबायचं, समजलं का विचारायचं, बरोबर आहे का विचारायचं, होकार आल्याशिवाय पुढं जायचं नाही. कोर्टात पक्षकार कंटाळायचे, वकील घड्याळं पाहायचे, पण आनंदराव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बैलासारखे जायचे. एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही.

दुसरा परिच्छेद चतुःसीमांचा होता. तो बरोबर निघाला. तिसऱ्याला त्यांचा आवाज किंचित खाली आला.

“तीन. सदर भिंतीस मागील बाजूस एक उघडणी असून, शेजारी राहणारे आनंदराव गजभिये हे तिचा वापर करून माझ्या मिळकतीत कोणत्याही हक्काशिवाय आजतागायत अतिक्रमण करीत आले आहेत.”

मुग्धानं मान खाली घातली. यमुताई मात्र कुतूहलानं पुढं वाकल्या.

“अतिक्रमण तर फुटपाथवाले करतात. इंग्रजीत काय लिहिलं त्यानं?”

“ट्रेसपास.”

“म्हणजे तेच?”

आनंदरावांना राग यायला हवा होता. पण शब्द म्हटला की हा माणूस राग विसरायचा. कायद्याच्या परिभाषेच्या एका बैठकीला कोर्टानं त्यांना धाडलं होतं, तिथं या एका शब्दावर अख्खी दुपार गेली होती, आणि ती दुपार त्यांच्या आयुष्यातल्या सुखाच्या दुपारींपैकी एक होती.

“तेच नाही. मुळात तो शब्द फ्रेंचांचा. पलीकडे जाणं, एवढाच अर्थ. नदी ओलांडली तरी तोच, गाव ओलांडलं तरी तोच. माणूस मेला तरी जुने फ्रेंच लोक तोच शब्द वापरत. गेला पलीकडे.”

“मग आमचे हे झालेच की ट्रेसपास,” यमुताई म्हणाल्या. मुग्धाला हसावं की नाही कळेना.

“मग इंग्रजांकडे आला अन् बिघडला. पादऱ्यांच्या प्रार्थनेत त्याचा अर्थ पाप. कोर्टात दुसऱ्याच्या हद्दीत घुसणं. बैठकीत कोणी म्हणे अतिक्रमण, कोणी म्हणे अनधिकार प्रवेश. रामटेकचा एक म्हातारा वकील होता, तो म्हणे आगळीक लिहा. लोक हसले त्याले. मले मात्र तोच पटला होता.”

“आपल्याकडे तर दसऱ्याला मुद्दाम सीमा ओलांडतात. पुण्य म्हणून.”

“आम्ही पण दसऱ्यालेच ओलांडली. छप्पन साली. सात वर्षांचा होतो मी, बापाच्या खांद्यावर. गर्दीत काहीच दिसलं नाही, बापाचं डोकं तेवढं धरून होतो.”

मग यमुताईंनी वॉकरवर बोट वाजवलं.

“बरोबर आहे. लिहू दे त्याला काय लिहायचं ते. पुढं वाचा.”

अनुवादकाचा डोळा नेहमी जिभेच्या एक ओळ पुढं धावतो. चौथ्या परिच्छेदाचा पहिला शब्द उच्चारायच्या आधीच आनंदरावांना तो सगळा दिसला. ते थांबले. चहाचा कप उचलला, न पिता खाली ठेवला. मुग्धा त्यांच्याकडेच पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत आता उघड उघड विनंती होती. ही ओळ तिला ठाऊक होती. चार शब्द इकडेतिकडे केले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं, आणि आनंदरावांच्या जिवाला त्या घटकेला तेवढंच हवं होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

“चार,” ते म्हणाले. “सदर उघडणी माझे पती कैलासवासी गिरिधर यांनी सन एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या पाणीटंचाईत केली. गजभिये कुटुंबातील व्यक्तींना पाण्यासाठी आमच्या पुढील फाटकातून यावे लागू नये, व त्या येता-जाता गल्लीतील लोकांच्या दृष्टीस पडू नयेत, या एकमेव हेतूने ती मागील बाजूस करण्यात आली. ती परवानगी फक्त पाण्यापुरती होती.”

बाहेर विहिरीच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. आनंदरावांनी कागद गुडघ्यावर ठेवला.

“समजलं?” त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. “बरोबर आहे?”

यमुताईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

“बरोबर आहे.”

“आई…” मुग्धा म्हणाली.

“तू थांब. ती बिल्डरच्या वकिलाकडची मुलगी आली होती, खुशी नावाची. शपथेवर सांगा म्हणाली, भिंत का फोडली. शपथेवर विचारलं म्हणून खरं सांगितलं. अडतीस वर्षांत दुसरं कोणी विचारलंच नाही, आनंदराव. तुम्हीही नाही.”

यमुताईंनी वॉकर जवळ ओढून घेतला.

“प्रेमिला पहिले दोन दिवस पुढून आली. तिसऱ्या दिवशी समोरचे लोक बोलायला लागले. हे वाईट नव्हते, भित्रे होते. पाणी नाही म्हणवेना, आणि लोकांचंही ऐकवेना. म्हणून भिंत फोडली.” त्या थांबल्या. ओठ पुसले. “पहार मीच काढून दिली त्यांना.”

“मले वाटलं…” आनंदराव म्हणाले.

“तुम्ही किती आनंदानं आले होते त्या दिवशी त्यातून. हातात पेढे. यांनी तोंडात पेढा घातला आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. तुम्हाला सांगायची सोयच राहिली नाही. प्रेमिलेला मात्र सांगावं लागलं नाही. तिला कळलं होतं. ती कधी आली का त्यातून?”

आनंदरावांनी आठवून पाहिलं, आणि आठवायला काही वेळ लागला नाही. मेघा जायची, ते स्वतः जायचे. प्रेमिला नाही. त्या मे महिन्याच्या उन्हात ती डोक्यावर घागरीएवढा पाण्याचा गुंड आणि कमरेवर कळशी घेऊन गल्ली उतरायची, गिरणीला वळसा घालायची, घामानं निथळत पुढच्या दारानं घरात यायची. ते हसायचे तिला. हट्टी आहेस वं, घरामागं वाट केली त्यांनी अन् तू गावाला प्रदक्षिणा घालते. तेव्हा ती म्हणाली होती, डोक्यावर गुंड असला की वाकता येत नाही, अन् त्या भगदाडातून वाकल्याशिवाय येता येत नाही. त्यांना ते पटलं होतं. साक्षीदाराच्या जबानीतली एवढीशी विसंगती पकडणारा हा माणूस, त्याला अडतीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं की जाताना गुंड रिकामा असायचा.

“एकदा मी विहिरीवर उभी होते,” यमुताई सांगत होत्या. “म्हटलं, अगं, मागून ये नं, जवळ पडेल. म्हणाली, मले पुढूनच जमते, ताई. दोन महिने आली तशी. सगळ्या गल्लीनं पाहिलं. रोज वाटायचं, आज हिची माफी मागावी. मग नळाला पाणी आलं.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज हलला नव्हता. आनंदरावांना त्यांचा राग आला, आणि त्यांची कीवही आली. त्याहून जास्त राग त्यांना स्वतःचा आला. एवढी वर्षं हारतुरे घालून मिरवलेली गोष्ट, आणि घरातली एकटी बाई ती ऐकवेना म्हणून उठून जायची.

त्यांनी पाचवा परिच्छेद वाचला, सहावा वाचला. दोन्ही बरोबर निघाले. यमुताईंनी सही केली, ‘पांढरीपांडे’ लिहिताना रेघ उताराला लागली. खाली आनंदरावांची जागा होती. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: मजकूर मराठीत वाचून दाखवला, त्यांना समजला, बरोबर असल्याचे त्यांनी सांगितले. तारीख घातली. सही केली.

“मेघा बोलली मला,” यमुताई म्हणाल्या. “तुम्ही हरकत घेणार आहात. विहंगला कळलं तर चिडेल, पण मी सुनेसमोर सांगते, घ्या. मला पुण्याला नाही जायचं. त्या फ्लॅटमध्ये मी कोणाशी बोलू?”

मुग्धानं सासूकडे पाहिलं आणि पदराशी चाळा करत राहिली.

आनंदरावांना हे ऐकायचं होतं. गेला महिनाभर ते याच वाक्याची वाट पाहत होते. पण हरकत घ्यायची म्हणजे त्या खिंडारावर हक्क सांगायचा. कोर्टात उभं राहून म्हणायचं, ही आमची वाट, आम्ही अडतीस वर्षं इथून आलो, मोठ्या मानानं आलो.

“ते मले आता जमणार नाही, यमुताई,” ते म्हणाले.

यमुताईंनी मान हलवली.

आनंदराव उठले. मागच्या दाराशी जाऊन त्यांनी चपला हातात घेतल्या, तशाच घेऊन ते घरात परत आले आणि दिवाणखान्यातून पुढच्या दाराकडे निघाले. हा दिवाणखाना त्यांनी आजवर मागच्या खोलीतून कडेनंच पाहिला होता. भिंतीवर गिरिधरपंतांचा फोटो आहे हेही आज दिसलं. मुग्धा किल्ली शोधायला धावली. मागे वॉकरचे ठोके ऐकू आले.

“कशाला उठता?” आनंदरावांनी विचारलं.

“पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवतात,” यमुताई म्हणाल्या.

व्हरांड्याच्या दोन पायऱ्या उतरायला त्यांना बराच वेळ लागला. आनंदराव उन्हात उभे राहिले. समोरच्या घराच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, ते थांबून पाहू लागलं. यमुताईंनी तिकडे पाहिलं, वॉकर पुढं टाकला, आणि फाटकाची कडी स्वतःच्या हातानं काढली.

“या बरं का, आनंदराव,” त्या मोठ्यानं म्हणाल्या.

“येतो.”

गल्ली उतरून ते गिरणीपाशी आले. एप्रिलचं ऊन डोक्यात जात होतं. रिकाम्या हातांनी चालूनही त्यांना दम लागला, म्हणून ते गिरणीच्या सावलीत थांबले, आणि इथं ती थांबत असेल का, गुंड खाली ठेवत असेल का, कुणी हात देत असेल का, हे आता कुणाला विचारायचं, या विचारानं त्यांना रडू कोसळलं. गिरणीवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला. ते प्यायले आणि आपल्या गल्लीला लागले.

दाराशी आल्यावर ध्यानात आलं. दाराला आतून कडी होती. सकाळी ते मागून गेले होते ना. घराच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागं बंद अंगण. आत जायची वाट एकच, ती पलीकडून. त्यांनी दार एकदा उगीच ढकलून पाहिलं आणि पायरीवर बसून मेघाला फोन लावला.

ती बँकेतून अर्ध्या तासात आली. स्कूटी लावून बापाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

“मागून गेले अन् पुढून आले? काहून?”

आनंदरावांनी पायरीवर बाजूला सरकून तिला जागा दिली.

“काय लिहिलं आहे कागदात? रडले का तुम्ही?” तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला. “तापून राहिले नुसते. थांबा. मी यमुआजीकडून जाते, मागून येऊन आतून कडी काढते. दोन मिनिटं.”

ती वळलीसुद्धा. आनंदरावांनी तिचं मनगट धरलं.

“मागून नको.”

“मग घरात कसे जाणार आपण?”

“सुताराले फोन लाव,” ते म्हणाले. “कडी तोडू.”